कंदील आणि पाटी: मध्यवस्तीच्या उजेडाचा साडेतीनशे वर्षांचा झगडा

(धागा)

१७१८ साली लंडनच्या ब्राइड लेन नावाच्या गल्लीत एका दुकानाची पाटी कोसळली. ‘पाटी’ म्हटल्यावर आज आपल्या डोळ्यांपुढे पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा पातळ फलक येतो. तेव्हाची पाटी तशी नव्हती. भिंतीतून रस्त्यावर आडवा काढलेला जाड लोखंडी दांडा, त्यावर टांगलेली रंगीत चित्राची भक्कम फळी आणि भोवती घडीव लोखंडाची वेलबुट्टी, असा तो सारा सरंजाम असे. हे ओझे पेलून पेलून भिंत सैल झालेली होती. पाटी पडली ती घराची दर्शनी भिंत सोबत घेऊनच. चार माणसे मेली. त्यांत दोन तरुणी होत्या, एक चांभार होता आणि खुद्द राजाचा जवाहिऱ्याही होता.

एवढे होऊनही लंडनच्या लोंबत्या पाट्या खाली उतरवणारा कायदा यायला आणखी चव्वेचाळीस वर्षे लागली. पॅरिसमध्ये तसा हुकूम त्याच्या एक वर्ष आधी निघाला, आणि त्यात अपघाताच्या जोडीला आणखी एक कारण दिलेले होते: पाट्या रस्त्यावरील कंदिलांच्या उजेडाच्या आड येतात.

आज कोणत्याही महानगराच्या मध्यवर्ती पेठेचे सुशोभीकरण निघाले की दिवे आणि नामफलक हे दोन विषय एकाच आराखड्यात, बहुधा एकाच प्रकरणात येतात. वास्तुविशारद मंडळींना ते स्वाभाविक वाटते. हा संबंध जुळला तो अठराव्या शतकात, आणि तो जुळला कोतवालाच्या कचेरीत. शहर रात्री कोणाला दिसावे, कोणी कोणावर नजर ठेवावी आणि ज्याला अक्षरओळख नाही त्याने पत्ता कसा शोधावा, हे प्रश्न त्या कचेरीत एकत्र आले. आजचा धागा त्याविषयी आहे. मुख्य मुक्काम पॅरिस आणि लंडन, शेवटचा मुंबई.

सतराव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये रात्र पडे म्हणजे खरोखरच पडे. श्रीमंत मनुष्य बाहेर निघाला तर त्याच्यापुढे मशाल घेतलेला नोकर चाले. आपल्याकडे सरदारांपुढे दिवट्या चालत, त्यातलाच हा प्रकार. ज्याच्याकडे नोकर नाही त्याने घरी बसावे हे उत्तम. १६६२ साली लौदाती काराफा नावाच्या एका इटालियन धर्मगुरूने या अडचणीत धंदा पाहिला. त्याने राजाकडून मक्ता मिळवला आणि भाड्याने मशालवाले व कंदीलवाले पुरवण्याची व्यवस्था मांडली. ठरावीक अंतरावर त्यांचे अड्डे होते. पाव तासाचा दर पायी जाणाऱ्याला ३ सू, गाडीतून जाणाऱ्याला ५ सू. प्रत्येक कंदीलवाल्याच्या कमरेला पाव तासाचे वाळूचे घड्याळ लटकत असे. आजच्या टॅक्सीच्या मीटरचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की उजेड तेव्हा माणसासोबत चालत होता. तो रस्त्याचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता.

पाच वर्षांत हे चित्र पालटले. मार्च १६६७ मध्ये चौदाव्या लुईने पॅरिससाठी एक नवे पद निर्माण केले आणि त्यावर गाब्रियेल निकोला द ला रेनी याची नेमणूक केली. या पदाला आपल्या भाषेत ‘कोतवाल’ हाच सर्वांत जवळचा शब्द. चोरांचा बंदोबस्त, बाजारभाव, गटारे, धान्यपुरवठा, छापखान्यांवरील नजर, हे सारे त्याच्या हाती आले. त्याच वर्षी त्याने रस्त्यांवर कंदील लावण्याचा हुकूम काढला. काचेच्या पेटीत मेणबत्ती, ती पेटी रस्त्याच्या आरपार बांधलेल्या दोरीवर मधोमध टांगलेली. दोरीला कप्पी, म्हणजे कंदील खाली घेऊन मेणबत्ती बदलता यावी. आरंभी असे सुमारे तीन हजार कंदील लागले आणि शतक संपेपर्यंत त्यांची संख्या पाच हजारांच्या पुढे गेली.

कंदील वर्षभर जळत नसत. पहिल्या हुकुमाप्रमाणे नोव्हेंबरापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतच, आणि चांदण्या रात्री नाहीच. चंद्र ढगाआड गेला तर तो कोतवालाचा दोष नव्हे! खर्च भागवण्यासाठी घरमालकांवर कर बसला. त्याचे नाव मोठे प्रामाणिक होते: ‘चिखल आणि कंदील यांचा कर’. रस्ते झाडण्याचा व उजळण्याचा खर्च एकाच खात्यात. कंदील पेटवण्याचे काम त्या त्या मोहल्ल्यातील रहिवाशांवर आळीपाळीने सोपवले जाई. घंटा वाजली की ज्याची पाळी असेल त्याने आपला उद्योग बाजूला ठेवून बाहेर पडायचे. हे काम कोणालाही आवडत नसे हे सांगायला नको.

१६६९ मध्ये राजाने या कामगिरीचे पदक पाडले. त्यावर ‘शहराची सुरक्षितता आणि झळाळी’ अशा अर्थाचे लॅटिन शब्द होते. या दोन शब्दांचा क्रम पाहावा. सुरक्षितता आधी, झळाळी नंतर. माझ्या मते पुढची सव्वाशे वर्षे पॅरिसच्या रस्त्यांवर जे घडले ते या क्रमातूनच घडले. कंदील राज्याचा होता, म्हणून कंदील फोडणे हा राज्याविरुद्धचा गुन्हा ठरला. १६९८ साली पॅरिस पाहायला आलेला इंग्रज वैद्य मार्टिन लिस्टर याने या दिव्यांचे भरपूर कौतुक केले आहे, आणि ते फोडणाऱ्यांना किती कडक शिक्षा होते याचीही नोंद केली आहे. लोक तरीही फोडत. दगड एक, काच एक, आणि क्षणात गल्ली पुन्हा आपली.

लंडनने हेच काम दुसऱ्या मार्गाने केले. तिथे राजाचा कोतवाल नव्हता, मक्तेदार होता. १६८४ साली एडवर्ड हेमिंग याने परवाना घेतला आणि दर दहाव्या दारापुढे दिवा लावण्याची हमी दिली. तीही फक्त अमावास्येच्या बाजूच्या काळोख्या रात्रींना, सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत, संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत. वर्षभर, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे ठेवण्याची तरतूद लंडन शहराने १७३६ च्या कायद्याने केली. इथे उजेड ही सेवा होती, करदात्याने पैसे मोजून घेतलेली. लंडनच्या दिव्यांवर कोणी क्रांतीचा राग काढला नाही, त्याचे मूळ कदाचित या फरकात असावे. मात्र हे विधान मी जरा भीतभीतच करतो. लंडनच्या जमावाने दंगली कमी केल्या नाहीत, आणि दंगल म्हटली की काचा फुटतातच.

आता पाट्यांकडे वळू.

घरांना क्रमांक नव्हते आणि बहुतेकांना वाचता येत नव्हते, अशा काळात चित्राची पाटी हाच पत्ता होता. ‘तीन कबुतरांच्या पाटीखालचा पुस्तकविक्या’, ‘सोनेरी मेंढ्यासमोरचा कापडवाला’ अशी ओळख सांगितली जाई. पुणेकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. जिलब्या मारुती, सोन्या मारुती, पत्र्या मारुती यांच्या खुणेने ज्या शहरात घरे सापडत, तिथे क्रमांकावाचून कसे चालते हे ठाऊक आहे.

पण चित्राच्या पाटीची एक खोड होती. दुकान बदलले तरी पाटी बदलत नसे, कारण लोकांना ती पाठ झालेली असे. मग चांभार गेला, अत्तरवाला आला, पाटीवर मात्र बूट तसाच. कधी दोन धंद्यांची भागीदारी झाली की दोन चित्रे एकत्र येत आणि अर्थाचा पत्ता लागत नसे. १७११ साली जोसेफ अ‍ॅडिसनने आपल्या ‘स्पेक्टेटर’ पत्रात या निळ्या रानडुकरांची, उडत्या डुकरांची आणि चिलखत घातलेल्या वराहांची मनसोक्त थट्टा केली. गल्ल्यांत हिंडणारी ही जनावरे आफ्रिकेच्या अरण्यातल्यांपेक्षा अधिक विलक्षण आहेत, असा त्याचा रोख होता.

स्पर्धा वाढली तशा पाट्या वाढल्या. शेजाऱ्याची पाटी माझ्या पाटीला झाकते, म्हणून माझी चार अंगुळे पुढे. मग त्याची आठ. पॅरिसचा लेखक लुई-सेबास्तियां मेर्सिए याने जुन्या पाट्यांची जी आठवण लिहून ठेवली आहे तीत सहा फूट उंचीची तलवारीची मूठ आहे, पिंपाएवढे जोडे आहेत आणि एक हातमोजा आहे, ज्याच्या एकेका बोटात तीन वर्षांचे मूल मावावे. वारा सुटला की रात्रभर या साऱ्यांची करकर चाले. गल्ल्या आधीच अरुंद, वर दोन्ही बाजूंनी हा राक्षसांचा बाजार, आणि मधोमध दोरीवर बिचारा कंदील. त्याच्या मेणबत्तीचा जो काही उजेड असेल तो खाली येण्याऐवजी तलवारीच्या मुठीवर आणि हातमोज्याच्या अंगठ्यावर अडकून राही. खाली रस्त्यावर पडत असत त्या सावल्या.

१७६१ च्या डिसेंबरात तेव्हाचा कोतवाल सार्तिन याने हुकूम काढला: सर्व पाट्या भिंतीला सपाट बसवाव्यात आणि त्यांची जाडी भिंतीपासून चार पूसांहून अधिक बाहेर येऊ नये. पूस म्हणजे फ्रेंच इंच, चार पूस म्हणजे जवळपास अकरा सेंटिमीटर. रस्ते अरुंद भासतात, माणसांना इजा होते आणि कंदिलांचा प्रकाश अडतो, ही कारणे. नगररचनेच्या इतिहासात दिवा आणि पाटी यांचा एकत्र विचार करणारा हा फार आरंभीचा नियम आहे, आणि त्याची भाषा आजच्या नियमावलीत सहज खपून जाईल अशी आहे.

सार्तिन तेवढ्यावर थांबला नाही. पाट्या हटल्या तरी मेणबत्ती ती मेणबत्तीच. म्हणून त्याच्या पुढाकाराने विज्ञान अकादमीने मोठ्या शहराचे रस्ते उजळण्याच्या उत्तम उपायासाठी स्पर्धा जाहीर केली. स्पर्धकांत आंत्वान लाव्वाझिए नावाचा विशीतला तरुण होता. दिव्यांच्या मंद छटांतील फरक डोळ्यांना ओळखता यावा म्हणून त्याने खोलीला काळे कापड लावून सहा आठवडे अंधारात काढले, असे सांगितले जाते. त्याने आपल्या निबंधात तेल, वात, परावर्तक, टांगण्याची उंची, दोन दिव्यांमधील अंतर आणि खर्च यांचा हिशेब मांडला. २००० लिव्रचे बक्षीस तीन कसबी कारागिरांत वाटले गेले, कारण त्यांनी प्रत्यक्ष दिवे बनवून दाखवले होते. लाव्वाझिएला १७६६ साली राजाकडून सुवर्णपदक मिळाले. पुढे रसायनशास्त्राचा जनक म्हणून जग ज्याला ओळखू लागले त्याचा पहिला मोठा सार्वजनिक मान रस्त्यावरच्या दिव्यासाठी होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी होती.

या स्पर्धेनंतर पॅरिसमध्ये परावर्तकाचे तेलदिवे आले. फ्रेंच भाषेत त्यांना ‘रेव्हेर्बेर’ म्हणतात. चकचकीत धातूच्या तबकडीने उजेड खाली फेकायचा, ही युक्ती. जनावरांच्या आतड्यांपासून काढलेले स्वस्त तेल त्यात जळे, त्याला वास येई आणि ते खाली ठिबके. तरी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक दिसे.

लंडनमध्ये १७६२ च्या फरसबंदीच्या कायद्याने आधी वेस्टमिन्स्टरच्या आणि पुढच्या काही वर्षांत जुन्या शहराच्या पाट्या उतरल्या. ज्या वर्षी त्या उतरायला लागल्या त्याच वर्षी, एप्रिल १७६२ मध्ये, बॉनेल थॉर्नटन या विनोदी लेखकाने ‘पाटी रंगवणाऱ्यांचे’ भव्य प्रदर्शन भरवले. चित्रकारांच्या प्रतिष्ठित प्रदर्शनांची ती खोडी होती. विल्यम होगार्थचा तीत हात होता असे मानले जाते. प्रेक्षक हसून परतले. मला मात्र या प्रसंगात एक बोचरी गोष्ट दिसते. पाटी रंगवणारा कारागीर हा त्या शहराचा खरा लोकचित्रकार होता. त्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरले ते त्याच्या धंद्यावर कायद्याची कुऱ्हाड पडत असताना, आणि तेही टर उडवण्यासाठी.

चित्रांच्या जागी क्रमांक आले. लंडनच्या प्रेस्कॉट स्ट्रीटवर घरांना पाट्यांऐवजी क्रमांक असल्याची नोंद १७०८ इतक्या आधीची आहे. साठच्या दशकानंतर ही रीत सर्वत्र पसरली. फ्रान्समध्ये १७२८ पासून रस्त्यांच्या टोकांना नावांचे पत्रे लागले होते. घरांना क्रमांक देण्याचा १७६८ चा हुकूम निघाला तो सैनिकांना कोणाच्या घरी उतरवायचे हे सोयीचे व्हावे म्हणून. साहजिकच क्रमांक म्हणजे सरकारची नजर, अशी लोकांची समजूत झाली. उमरावांची तक्रार वेगळीच होती: आमच्या वाड्याला क्रमांक, आणि शेजारच्या पाववाल्यालाही क्रमांक? आज आपल्याला परिचित असलेली एका बाजूला सम, दुसऱ्या बाजूला विषम अशी पद्धत पॅरिसमध्ये नेपोलियनच्या काळात, फेब्रुवारी १८०५ च्या हुकुमाने रूढ झाली. सेन नदीला समांतर रस्त्यांचे क्रमांक लाल, नदीला काटकोनात येणाऱ्यांचे काळे. आकडा न वाचताही नदी कोणत्या दिशेला हे कळावे, ही त्यातली खुबी होती.

इथे थोडे थांबून हिशेब पाहू. उजेड वाढला, रस्ते मोकळे झाले, डोक्यावर पाटी पडून मरण्याची भीती गेली. यात खोटे काही नाही. पण ज्याला अक्षर येत नव्हते, त्याच्या हातून शहराचा नकाशा काढून घेतला गेला. पूर्वी गावाकडून आलेली मोलकरीण ‘सोनेरी मेंढा’ शोधत बिनबोभाट पोचत असे. आता तिला कोणाला तरी विचारावे लागले. ज्यांच्या खुणा अक्षरांवाचून ओळखाव्या लागतात असे मोजके धंदे तेवढे सुटले: न्हाव्याचा पट्ट्यापट्ट्यांचा खांब, गहाणवटदाराचे तीन गोळे, आणि दारूचा गुत्ता. तिथे येणाऱ्या गिऱ्हाइकाला जाताना तर अक्षर मुळीच वाचता येत नसे, हे विचारात घेतले गेले असावे.

आता १७८९. पॅरिसच्या ग्रेव्ह चौकाच्या कोपऱ्यावर एक दिवा होता, भिंतीतून बाहेर आलेल्या लोखंडी दांड्यावर टांगलेला. २२ जुलै रोजी जमावाने फुलों या म्हाताऱ्या मंत्र्याला तिथे आणले. लोक उपाशी असतील तर गवत खावे, असे तो म्हणाल्याची अफवा होती. त्याला त्याच दिव्याच्या दांड्यावर फाशी देण्यात आले. दोरी तुटली, पुन्हा बांधली. दांडा होता, दोरी होती, उंची होती. कोतवालाने शंभराहून अधिक वर्षे फाशीचा सारा सरंजाम प्रत्येक गल्लीत स्वखर्चाने लावून ठेवला होता, हे त्या दिवशी उभ्या शहराच्या लक्षात आले. ‘दिव्यावर चढवा’ ही घोषणा झाली. कामीय देमूलांने तर दिव्यालाच वक्ता कल्पून पॅरिसकरांना उद्देशून भाषण करणारी पत्रिका लिहिली. आबे मोरी या राजनिष्ठ धर्मगुरूला जमावाने हीच धमकी दिली तेव्हा ‘त्याने तुम्हांला अधिक उजेड दिसेल का?’ असे विचारून तो निसटला, अशी आख्यायिका आहे.

१८३० च्या जुलै क्रांतीत दिव्यांचा वापर उलट दिशेने झाला. पॅरिसच्या बंडखोरांनी ते गल्लोगल्ली फोडले, कारण सैन्याला अंधारात लढता येत नव्हते आणि गल्लीच्या रहिवाशाला येत होते. व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ मध्ये १८३२ च्या बंडात गाव्रोश हा पोरगा रस्त्यावरचा दिवा दगडाने फोडतो, तो प्रसंग निव्वळ खोडकरपणाचा म्हणून वाचला तर त्यातले अर्धे हातचे जाते. ला रेनीचा कंदील पहिल्या दिवसापासून पोलिसाचा डोळा होता. लोकांनी तो तसाच ओळखला.

गॅसच्या दिव्यांचा इतिहास स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, म्हणून इथे झपाट्याने पुढे जातो. १८०७ मध्ये लंडनच्या पॉल मॉलवर फ्रेडरिक विन्झरने गॅसचे दिवे लावून दाखवले, १८१२ मध्ये कंपनी निघाली, आणि दिवा आता दोरीवरून उतरून जमिनीखालच्या नळाला बांधला गेला. एक कारखाना बंद पडला तर सारा मोहल्ला काळोखात, ही नवी परिस्थिती होती.

ऑक्टोबर १८६५ मध्ये हाच गॅस मुंबईच्या रस्त्यांवर पेटला. एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार हे आरंभीचे भाग. दिवे लावणारा एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे निघाला की लोकांचा घोळका त्याच्यामागून आश्चर्याने मूक होऊन चाले, असे वर्णन मुंबईच्या गॅझेटियरात आहे. तेव्हा किल्ल्याच्या भिंती नुकत्याच पाडल्या जात होत्या आणि आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला होता. त्याच्या नावाचे मार्केट १८८२ साली विजेने उजळले. मुंबईतील विजेच्या उजेडाची सुरुवात तीच.

विजेने एक जुना झगडा मिटवला आणि नवा निर्माण केला. १९१० साली जॉर्ज क्लोद याने पॅरिसच्या मोटारींच्या प्रदर्शनात निऑनच्या नळ्या लावल्या, आणि दोन वर्षांतच तिथल्या एका न्हाव्याच्या दुकानावर निऑनची अक्षरे झळकली. १७६१ मध्ये जी पाटी दिव्याच्या आड येत होती, ती आता स्वतःच दिवा झाली! सार्तिनचा नियम एका झटक्यात निरर्थक ठरला. रस्ता उजळतो तो नगरपालिकेच्या खांबाने की दुकानदाराच्या जाहिरातीने, हे सांगता येईनासे झाले. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरने तर १९८७ साली उलटाच नियम केला: तिथे नवी इमारत बांधायची असेल तर झगमगती पाटी लावणे सक्तीचे. तिचा उजेड पुरेसा आहे की नाही हे मोजण्यासाठी खास एककही ठरवण्यात आले. जगातल्या बहुतेक शहरांनी ‘पाटी लहान करा’ म्हणून सांगितले. इथे लहान पाटी हा नियमभंग झाला. कारण झगमगाट हीच त्या चौकाची ओळख होती आणि कचेऱ्यांच्या नव्या उंच इमारतींत ती विझून जाण्याची लोकांना भीती होती.

आता मुंबईचा दादाभाई नौरोजी रस्ता. पूर्वीचा हॉर्नबी रोड, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत जाणारा. किल्ल्याची तटबंदी गेल्यावर जी मोकळी जागा मिळाली तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रस्त्याचे आजचे रूप घडले. इमारती नाना शैलींच्या, पण तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची सलग ओवरी ठेवण्याचे बंधन सर्वांना होते. पावसात स्टेशनपासून बऱ्याच अंतरापर्यंत कोरडे चालता येते ते या जुन्या नियमामुळे. रोज तिथून जाणाऱ्या लाखांतील कितीजण मान वर करून पाहतात, हा प्रश्न वेगळा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मान वर करून पाहण्यासारखे फारसे उरलेही नव्हते. कमानींवर पेट्यांसारखे उजळते फलक, त्यांवर आणखी फलक, वायरींचे जंजाळ. १९९५ च्या वारसा नियमावलीने हा रस्ता संरक्षित ठरला. त्यानंतर वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी एमएमआरडीएच्या पाठबळाने दुकानांच्या पाट्या आणि रस्त्यावरील दिवे, बाके, खांब यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका तयार केली. तिचा गाभा साधा होता: पाटी कमानीवर नको, कमानीच्या आत बसवा. दगडाची रेष मोकळी राहील आणि दुकानाचे नावही दिसेल. दुकानदारांना समजावण्याचे काम सोपे नव्हते. शेजाऱ्याने मोठी पाटी ठेवली आणि आपण लहान केली तर गिऱ्हाईक कुठे जाईल, ही त्यांची शंका अडीचशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या हातमोजेवाल्याचीच होती. म्हणून सर्वांनी एकाच वेळी बदलणे हा एकमेव मार्ग होता, आणि रस्त्याच्या एका पट्ट्यात रहिवासी व व्यापारी यांनी संघटित होऊन तो पत्करला. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ साली या प्रकल्पाची दखल घेतली गेली.

पाटीचा आकार हा एक भाग. पाटीची लिपी हा दुसरा. २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रातील सर्व दुकानांना, लहान असोत की मोठी, मराठी पाटी अनिवार्य झाली. देवनागरी अक्षरे आधी असावीत आणि अन्य लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असा नियम. (दारू मिळते त्या ठिकाणांना थोर व्यक्तींची किंवा गडकिल्ल्यांची नावे देऊ नयेत, हेही त्यातच आहे.) व्यापारी संघटना न्यायालयात गेल्या; सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पालन करण्यास सांगितले. समाजमाध्यमांवर तेव्हा जो धुरळा उडाला तो आपण पाहिला आहेच. अनेकांनी हा केवळ अस्मितेचा प्रश्न मानला. मला त्यात १७६१ नंतरच्या त्या मोलकरणीचा प्रश्नही दिसतो. रोमन लिपीतील पाट्यांच्या रस्त्यावर साताऱ्याहून आलेल्या आजीला आजही कोणाला तरी विचारावेच लागते.

वारसा पुस्तिका आणि भाषेचा नियम एकमेकांच्या विरोधात आहेत, असा युक्तिवादही अधूनमधून कानी येतो. तो टिकत नाही. एक नियम पाटी कुठे बसवावी हे सांगतो, दुसरा तिच्यावर कोणती अक्षरे केवढी असावीत हे. कमानीच्या आत, दगडाला न झाकता, देवनागरी अक्षरे आधी लिहिलेली पाटी बसवता येते. संध्याकाळी सातच्या सुमारास फ्लोरा फाउंटनकडून स्टेशनच्या दिशेने ओवरीतून चालत जा आणि प्रत्येक कमानीत पाहा. कुठे पाटी आत आहे, कुठे पुन्हा बाहेर सरकली आहे, आणि वरच्या खांबाचा उजेड दोन्ही ठिकाणी खाली फरशीवर कसा पडतो, ते तुमचे तुम्हांला दिसेल.